बामणोलीहून वासोटा: एका दिवसात गड पाहून वेळेत परतण्याची रीत

सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या जलाशयापलीकडे असलेल्या वासोटा गडाची चढण अवघड नाही. रोज थोडेफार चालणारा निरोगी माणूस ती दोन ते अडीच तासांत पार करतो. तरीही दर हिवाळ्यात कितीतरी गट गडाच्या पायऱ्याही न पाहता अर्ध्या वाटेवरून मागे फिरतात, किंवा माथ्यावर जेमतेम पंधरा मिनिटे काढून धावत खाली येतात. पाय कमी पडल्यामुळे असे होत नाही. सकाळचे दोन तास चुकीच्या ठिकाणी गेलेले असतात, आणि वाया गेलेले तास येथे भरून काढता येत नाहीत, कारण पायथ्याशी रस्ता नाही, मुक्कामाला परवानगी नाही आणि परतीची बोट अंधारापूर्वीच निघावी लागते. म्हणून येथे गडाचे वर्णन थोडक्यात ठेवले आहे आणि तयारी, परवानगी, वेळ व उतरणीची शिस्त यांवर अधिक लिहिले आहे.

पुढील सर्व टप्पे सातारा, कास, बामणोली, कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, मेट इंदवली (गडाचा पायथा, येथेच वनचौकी आहे) आणि वासोटा या नेहमीच्या मार्गाचे आहेत. कोकणातील चोरवणे गावाहून नागेश्वर या महादेवाच्या गुहेमार्गे येणारी वाट हा पूर्णपणे वेगळा बेत आहे. ती अधिक दमवणारी आहे, आणि येथे दिलेले वेळेचे गणित तिला लागू पडत नाही.

## टप्पा १: जाण्याचा दिवस ठरवणे

वासोटा कोयना अभयारण्यात आहे आणि हे अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यामुळे येथे वर्षभर, वाटेल त्या दिवशी जाता येत नाही. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जंगल पर्यटकांसाठी बंद असते. बंद होण्याच्या आणि उघडण्याच्या तारखा पाऊस व वन विभागाचा आदेश यांनुसार पुढेमागे होतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला किंवा शेवटी जाणाऱ्यांनी बामणोलीतील बोटवाल्यांशी अगर ज्यांच्याकडे राहणार आहोत त्यांच्याशी बोलून खात्री केल्याशिवाय गाडी काढू नये.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा आहे. सकाळी जलाशयावर बोचरी थंडी असते, पण चढताना तिचाच उपयोग होतो. त्याआधी, हंगाम नुकताच उघडलेला असताना, वाटेवर ओल असते, दगड निसरडे असतात आणि सावलीच्या भागात जळवा लागतात. मार्चनंतर शेवटचा उघडा चढ भर दुपारी अंगावर येतो. शिवाय जलाशयाची पातळी जसजशी खाली जाते, तसतशी बोट काठापासून दूर थांबते आणि भेगाळलेल्या गाळावरून अधिकचे चालणे पदरी पडते.

शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळावा. सुट्टीच्या दिवशी परवानगीच्या खिडकीवर आणि धक्क्यावर रांग लागते, आणि त्या रांगेत जाणारा तास थेट गडावरच्या वेळेतून वजा होतो. महाशिवरात्रीच्या सुमारास नागेश्वरला भाविकांची गर्दी असते. शांत जंगल हवे असणाऱ्यांनी तेही दिवस सोडावेत.

## टप्पा २: घड्याळ उलटे मोजणे

बहुतेकांचे नियोजन सकाळपासून पुढे सरकते: सहाला निघू, नाश्ता करू, नऊपर्यंत पोहोचू, मग बघू. वासोट्यासाठी ही पद्धत हमखास फसते. येथे संध्याकाळपासून मागे यावे लागते.

डिसेंबरमध्ये या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी किमान अर्धा तास बोट बामणोलीला लागायला हवी. बोटीचा प्रवास सव्वा ते दीड तासाचा आहे. उतरायला दीड ते पावणेदोन तास लागतात. हे सर्व मागे मोजत गेले की असा हिशेब निघतो:

- सायंकाळी ५.३०: बोट बामणोलीच्या धक्क्यावर.
- दुपारी ४.००: मेट इंदवलीहून बोट सुटणे.
- दुपारी ३.४५: सर्वजण चौकीपाशी खाली आलेले.
- दुपारी २.००: गडावरून उतरायला सुरुवात.
- दुपारी १२.३०: गडावर पोहोचणे.
- सकाळी १०.१५: चौकीवरील तपासणी संपवून चढायला सुरुवात.
- सकाळी १०.००: बोट मेट इंदवलीला.
- सकाळी ८.३०: बोट बामणोलीहून सुटणे.
- सकाळी ७.१५: आपण परवानगीच्या खिडकीपाशी हजर.

त्या दिवशी वनचौकीवर परतीची जी वेळ सांगितली जाईल तीच अंतिम समजावी, आणि ती वरील वेळेच्या आधीची असेल तर संपूर्ण हिशेब तेवढा मागे सरकवावा.

साताऱ्याहून यवतेश्वर घाट आणि कास पठारावरून बामणोली सुमारे ३५ ते ४० किलोमीटर आहे. रस्ता वळणांचा आहे, पहाटे धुके असते, आणि दीड तास धरणेच शहाणपणाचे आहे. याचा अर्थ सातारा पावणेसहापूर्वी सोडावा लागतो. पुण्याहून त्याच पहाटे निघणाऱ्यांना तीनच्या सुमारासच गाडी काढावी लागते. रात्रभर न झोपलेला चालक आणि झोपाळलेला गट घेऊन अभयारण्यात शिरणे मला योग्य वाटत नाही. आदल्या रात्री बामणोलीत, शेजारच्या एखाद्या गावात, निदान साताऱ्यात मुक्काम करावा. या संपूर्ण लेखातील एकच सूचना पाळायची असेल, तर ती ही पाळावी.

> तपासणी: गटातील प्रत्येकाला दोन वेळा तोंडपाठ आहेत का? ‘दुपारी एकला जिथे असू तिथून मागे’ आणि ‘पावणेचारला चौकीवर’. या दोन्ही वेळा आदल्या रात्री सर्वांसमोर मोठ्याने सांगाव्यात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या गटात दोघे उशिरा आले, मग बोटीत किती जण बसणार यावर चर्चा झाली आणि बोट सुटायला साडेदहा वाजले. दुपारी एकला आम्ही कारवीच्या रानात होतो, गड डोक्यावर दिसत होता, आणि तिथूनच परतलो. त्या दिवशी फार वाईट वाटले होते, पण परतण्याचा निर्णय बरोबर होता.

## टप्पा ३: सामान आणि कागदपत्रे

### कागद आणि पैसे

प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात आणि त्याची एक छायाप्रत सोबत असावी. गटातील सर्वांची नावे, वये, पत्ते आणि संपर्क क्रमांक एका कागदावर आधीच लिहून ठेवावेत. खिडकीपाशी उभे राहून पंधरा जणांना एकेक करून वय विचारत बसणे हा उशिराचा अगदी नेहमीचा प्रकार आहे. प्रवेशशुल्क, कॅमेऱ्याचे शुल्क, बोटीचे भाडे, वाहनतळ आणि अनामत रक्कम यांसाठी सुट्टे पैसे रोख घ्यावेत. या भागात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही आणि त्यामुळे मोबाईलवरून पैसे देणे ऐनवेळी अडते. दर बदलत असतात, म्हणून अंदाजापेक्षा जास्त रक्कम ठेवावी. गाडीत इंधन साताऱ्यातच भरून घ्यावे.

### पाणी आणि खाणे

प्रत्येकी तीन लिटर पाणी. या आकड्यात कपात करू नये. वाटेत ओढे लागतात आणि गडावर टाकी आहेत, पण हिवाळा सरताना ओढे आटतात आणि टाक्यांतील पाणी न गाळता, न उकळता पिण्याचा भरवसा धरू नये. पाणी पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या दोन-तीन पक्क्या बाटल्यांत न्यावे.

डबा कोरडा आणि हाताने खाता येईल असा असावा. बामणोली सोडल्यानंतर विकत काही मिळत नाही आणि जंगलात चूल किंवा गॅस पेटवणे पूर्णपणे निषिद्ध आहे. वेफर्स, बिस्किटे, चॉकलेटे यांची वेष्टने घरीच काढून सर्व खाऊ कापडी पिशवीत किंवा स्टीलच्या डब्यात भरावा. याचे कारण सहाव्या टप्प्यात स्पष्ट होईल.

### कपडे आणि इतर वस्तू

पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, घोटा झाकणारे आणि तळाला पकड असलेले बूट, टोपी. रंग मातकट किंवा हिरवट. भडक रंग आणि अत्तर टाळावे. पहाटेच्या बोटीसाठी वाऱ्याला अडवणारे जाकीट लागते. ते सॅकमध्ये मावेल इतके पातळ असावे. दिवसा परतण्याचा बेत असला तरी प्रत्येकाकडे विजेरी हवी, कारण घोटा मुरगळलेल्या एका माणसामुळे संपूर्ण गटाला अंधार होऊ शकतो. प्रथमोपचाराच्या पिशवीत रुंद ताणपट्टी, जंतुनाशक, मीठ-साखरेची पाकिटे, ॲलर्जीची आणि नेहमीची औषधे असावीत. हंगामाच्या सुरुवातीला जळवांसाठी थोडे मीठ किंवा तंबाखूचे पाणी उपयोगी पडते.

> सावधान: मद्य, सिगारेट, काडेपेटी, ध्वनिवर्धक आणि ड्रोन बामणोलीतही आणू नयेत. तपासणीत ते सापडले तर वेळ जातोच, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अंतर्गत कारवाईही होऊ शकते.

## टप्पा ४: परवानगी आणि बोट, याच क्रमाने

बामणोलीत उतरल्यावर आधी चहा, मग बोट, मग परवानगी असा क्रम बहुतेक जण लावतात. तो नेमका उलटा करावा. गटातील एका व्यक्तीने यादी आणि ओळखपत्रे घेऊन थेट वन विभागाच्या कार्यालयाकडे जावे, दुसऱ्याने बोटीच्या रांगेत नाव नोंदवावे आणि उरलेल्यांनी त्याच वेळात नाश्ता व स्वच्छतागृह आटोपावे. पुढे दिवसभर स्वच्छतागृहाची सोय नाही हे सर्वांना, विशेषतः नवख्यांना, स्पष्ट सांगावे.

बोटीचे भाडे साधारणपणे माणशी नसते, तर संपूर्ण बोटीचे असते, आणि एका बोटीत किती जण बसतील ते ठरलेले असते. दोघे-तिघेच आलेल्यांना एकतर पूर्ण भाडे द्यावे लागते किंवा दुसऱ्या गटाबरोबर बोट वाटून घ्यावी लागते. वाटून घेण्यात पैसे वाचतात, पण त्यात एक अडचण आहे आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: आपली परतीची वेळ मग त्या अनोळखी गटातील सर्वांत संथ माणसावर अवलंबून राहते. म्हणून बोटीत बसण्यापूर्वीच समोरच्या गटाशी बोलावे. त्यांच्यात लहान मुले किंवा वृद्ध आहेत का, त्यांना गड करायचा आहे की नागेश्वर, ते किती वाजता खाली येणार, हे विचारावे आणि परतीची एक वेळ नावाड्याच्या समोर ठरवावी. उत्तरे जुळत नसतील तर दुसरी बोट पाहावी. शेंबडी आणि मुनावळे येथूनही बोटी सुटतात, त्यामुळे गर्दीच्या दिवशी त्यांचाही विचार करता येतो.

भाडे ठरवताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात: नावाडी किती तास थांबणार, उशीर झाल्यास अधिक पैसे किती, तो बोटीपाशीच थांबणार की दुसरी फेरी करणार, आणि काठावर आपण त्याला कसे ओळखायचे. बोटींचे रंगरूप सारखेच असते. बोटीचा क्रमांक लिहून घ्यावा.

> तपासणी, बोटीत पाय ठेवण्यापूर्वी: परवानगीची पावती हातात आहे का? ती कोणाच्या खिशात राहील? माणसे मोजली का? घरी असलेल्या एका व्यक्तीला ‘रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर काय करायचे’ हे सांगितले का?

## टप्पा ५: जलाशयावरचा दीड तास

बोटीत बसण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट घालावे आणि त्याचे सर्व पट्टे बांधावेत. नुसते खांद्यावर अडकवलेले जाकीट पाण्यात पडताच निसटते. सामान बोटीच्या मध्यभागी ठेवावे, छायाचित्रासाठी सर्वांनी एकाच बाजूला जाऊ नये आणि नावाड्याने बसा म्हटले की बसावे.

हा वेळ डुलक्यांत घालवण्यापेक्षा तेथेच पाण्याच्या बाटल्या हाताशी येतील अशा लावाव्यात, बुटांच्या नाड्या पक्क्या कराव्यात आणि चालण्याचा क्रम ठरवावा. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला किंवा स्थानिक वाटाड्या, सर्वांत मागे दमदार आणि शांत स्वभावाचा माणूस, आणि संथ चालणारे पुढच्या तिसऱ्या-चौथ्या जागी. संथ माणसाला शेवटी ठेवण्याची सवय घातक आहे. पुढचे थांबतात, तो पोहोचतो, आणि तो पोहोचताच पुढचे निघतात, त्यामुळे विश्रांती फक्त त्यालाच मिळत नाही.

> सावधान: कोयनेच्या या फुगवट्याच्या पाण्यात पोहायला उतरू नये. काठ एकदम खोल होतो, तळाशी गाळ आणि बुडालेली झाडे आहेत, आणि मदत दीड तास दूर आहे.

## टप्पा ६: मेट इंदवलीची चौकी

येथे परवानगी दाखवावी लागते, नावे नोंदली जातात आणि सोबतच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत रक्कम घेतली जाते. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की रक्कम परत मिळते. आता वेष्टने घरी का काढायची ते लक्षात येईल. वीस जणांच्या गटाच्या पिशव्यांतून बिस्किटांचे पुडे एकेक करून मोजण्यात अर्धा तास जातो. ज्यांच्याकडे मोजण्यासारखे काही नाही, ते पाच मिनिटांत वाटेला लागतात. जे प्लास्टिक टाळता आलेले नाही, ते सर्व गटातील एकाच पिशवीत, एकाच माणसाकडे ठेवावे.

चौकीवरील वनरक्षकांना तीन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन-तीन दिवसांत वाटेवर गवा किंवा अस्वल दिसले आहे का, ओढ्याला पाणी आहे का, आणि नागेश्वरची वाट आज खुली आहे का. वाटाड्या मिळत असेल तर पहिल्या खेपेला तो जरूर घ्यावा. वाट मळलेली असली तरी जनावरांच्या वाटा तिला येऊन मिळतात, आणि दाट सावलीत दिशा कळत नाही.

> तपासणी: घड्याळात साडेअकरा वाजून गेले असतील आणि अजून चौकीवरच असाल, तर गडाचा बेत येथेच सोडावा. जंगलात तासभर आत चालून, ओढ्यापाशी बसून, शांतपणे परतावे.

## टप्पा ७: चढण

सुरुवातीला वाट ओढ्याच्या अंगाने जाते आणि थोड्याच वेळात दाट झाडीत शिरते. पहिला भाग सावलीचा आणि सौम्य असल्यामुळे गट येथे भराभर चालतो, आणि हीच चढणीतील पहिली चूक आहे. बोलताना धाप लागणार नाही इतकाच वेग ठेवावा. दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पाच मिनिटे थांबावे, बसण्याऐवजी उभे राहून पाणी प्यावे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत.

झाडी संपत आली की कारवीचे रान लागते आणि चढ अंगावर येऊ लागतो. पुढे नागेश्वरकडे जाणारी वाट फुटते. या फाट्यापाशी सर्वांनी एकत्र यावे, पुढे गेलेल्यांनी थांबावे आणि माणसे मोजावीत. पुढचे गडाकडे आणि मागचे नागेश्वरकडे गेल्याचे प्रकार येथेच घडतात, आणि एकमेकांना हाका मारून उपयोग होत नाही.

गड आणि नागेश्वरची गुहा दोन्ही एका दिवसात करण्याचा मोह सर्वांनाच होतो. दोन्ही ठिकाणे जोडणारी चाल लांब आहे. साडेआठची बोट मिळाली, गट सहा जणांहून लहान आहे, सर्वजण नियमित भटकणारे आहेत आणि वाटाड्या सोबत आहे, या चारही गोष्टी असल्या तरच त्याचा विचार करावा. एरवी एकच ठिकाण निवडावे. पहिल्यांदा येणाऱ्याने गड निवडावा असे माझे मत आहे.

फाट्यानंतरचा भाग उघडा आहे, घसाऱ्याचा आहे, आणि आपण तेथे नेमके बाराच्या उन्हात पोहोचतो. सावलीच्या भागात निम्म्याहून अधिक पाणी संपवलेले लोक येथे हतबल होतात. शेवटच्या उघड्या चढासाठी आणि उतरणीसाठी मिळून निम्मे पाणी राखावे. त्यानंतर खडकातील पायऱ्या आणि पडझड झालेले दरवाजे लागतात. पायऱ्या झिजलेल्या आहेत. हात मोकळे ठेवावेत आणि मोबाईल खिशात.

### जनावरांशी गाठ पडली तर

या जंगलात गवा, सांबर, अस्वल, बिबट्या, शेकरू आणि वाघाचाही वावर आहे. बहुतेक वेळा दिसतात ती फक्त पावले, विष्ठा आणि झाडांवरचे ओरखडे. तरीही नियम माहीत असावेत. आपापसांत हलक्या आवाजात बोलत चालावे. आरडाओरड आणि गाणी नकोत, पण अगदी निःशब्दही नको, कारण वळणावर अचानक समोर आलेला माणूस अस्वलाला हल्लेखोर वाटतो. गवा वाटेत उभा असेल तर थांबावे, पुरेसे अंतर ठेवून त्याला बाजूला जाण्यास वेळ द्यावा, आणि दगड मारून हुसकावू नये. अस्वल दिसले तर पाठ न दाखवता, न धावता मागे सरकावे. सर्वांनी एकत्र राहावे.

सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तर आणि मोठा आवाज यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झाडू नयेत. डोके आणि चेहरा कपड्याने झाकून, कड्याच्या काठापासून दूर, दाट झुडपांकडे भरभर निघून जावे. काटे नखाने किंवा जाड कागदाने खरवडून लगेच काढावेत. ॲलर्जीच्या गोळ्या घेतल्या तरी श्वास घेताना त्रास होत असेल किंवा चेहरा सुजत असेल, तर तो तातडीचा प्रसंग समजून उतरायला लागावे.

सापाच्या बाबतीत सर्वांत उपयोगी सवय म्हणजे आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून थेट उडी न मारता आधी पलीकडे पाहणे. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही करू नये. तो अवयव हलू न देता, माणसाला शक्यतो न चालवता, उचलून खाली आणावे. रुग्णालय पाण्यापलीकडे आणि घाटापलीकडे आहे, त्यामुळे एकाने पुढे धावत जाऊन चौकीला कळवणे आणि बोट तयार ठेवणे हेच येथे सर्वांत मोलाचे असते.

## टप्पा ८: गडावरचा दीड तास

आत शिरताच समोर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर लागते आणि तेथून तीन बाजूंना वाटा जातात. वेळ दीड तासच आहे, त्यामुळे क्रम असा ठेवावा.

प्रथम डावीकडची वाट धरावी. ती जोड टाक्यांवरून पुढे झाडीतून बाबूकड्यावर नेते. नालेच्या आकाराचा हा प्रचंड कडा आणि समोर उभा असलेला जुना वासोटा हा शेजारचा डोंगर हे या गडावरचे सर्वांत भव्य दृश्य आहे, आणि तेथे उन्हात, दमलेले असताना जाण्यापेक्षा आधी जाणे सुरक्षित आहे. कड्याच्या काठापासून किमान एक माणूसभर अंतर ठेवावे. सुकलेल्या गवतावर बूट घसरतात आणि दरीतून येणारा वारा एकाएकी जोर धरतो. काठाशी पाय सोडून बसण्याचे छायाचित्र काढू देऊ नये. गटप्रमुखाने येथे कठोरच राहावे.

परत मंदिरापाशी येऊन उजवीकडे महादेवाच्या मंदिराकडे जावे. तेथे सावली मिळते, म्हणून जेवण येथे करावे. उरलेल्या वेळात पुढची माची किंवा समोरचे पडके वाडे पाहावेत. वाड्यांच्या भिंतींवर चढू नये, दगड हलवू नयेत. चुना सुटलेली भिंत एका माणसाच्या वजनानेही कोसळते. माकडे डब्यावर येतात. त्यांना काहीही देऊ नये आणि सॅक उघड्या सोडू नयेत.

जुन्या वासोट्यावर जाण्याचा हट्ट धरू नये. वाट मोडलेली आहे, वर पाण्याची सोय नाही आणि घनदाट रानात जनावरांचा वावर आहे.

> तपासणी, पावणेदोनला: माणसे मोजावीत. जेवलेल्या जागेवर मागे वळून एकदा पाहावे. फळांच्या साली आणि खरकटेही उचलावे. ‘ते कुजते’ हे कारण अभयारण्यात चालत नाही, कारण त्याआधी ते माकडांना आणि रानडुकरांना माणसांच्या वाटेवर आणते. प्रत्येकाकडे किमान पाऊण लिटर पाणी उरले आहे याची खात्री करावी.

## टप्पा ९: उतरण

मुरगळलेले घोटे आणि फुटलेले गुडघे यांचे प्रसंग चढताना क्वचित, उतरताना वारंवार घडतात. पाय थकलेले असतात, मन बोटीत पोहोचलेले असते आणि वाळलेल्या पानांखाली गोल दगड लपलेले असतात. नाड्या पुन्हा, या वेळी घोट्याशी अधिक आवळून बांधाव्यात, म्हणजे बोटे बुटाच्या टोकावर आदळत नाहीत. पावले आखूड टाकावीत. गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत. घसाऱ्याच्या जागी दोघांत तीन-चार पावलांचे अंतर राखावे, म्हणजे वरच्याचा दगड खालच्याच्या अंगावर जात नाही.

गट तुटू देऊ नये. ‘आम्ही पुढे जाऊन बोट थांबवतो’ असे म्हणून तरुण मंडळी निघतात आणि मागे संथ चालणारे दोघे एकटे राहतात. दिवस कलला की अस्वल आणि गवा बाहेर पडू लागतात. पुढे जायचेच असेल तर दोघांनी मिळून जावे, आणि शेवटच्या माणसाबरोबर गटातील सर्वांत अनुभवी व्यक्ती असावी.

एखाद्याचा पाय मुरगळला तर बूट काढू नये, कारण सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही. बुटावरूनच ताणपट्टी गुंडाळावी, त्याची सॅक दुसऱ्याने घ्यावी, काठी द्यावी आणि लगेच एकाला चौकीकडे निरोप घेऊन पाठवावे. आपण अजून मागे आहोत हे चौकीला आणि नावाड्याला वेळेत कळणे, हे घाई करण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

## टप्पा १०: चौकी, बोट आणि घाट

चौकीवर प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत परत घ्यावी आणि नोंदवहीत परतल्याची नोंद झाली आहे याची स्वतः खात्री करावी. ती नोंद राहिली तर आपण जंगलातच आहोत असे मानून कर्मचाऱ्यांना शोधाला निघावे लागेल. बोटीत चढताना आणि बामणोलीला उतरताना दोन्ही वेळा माणसे मोजावीत. जाकीट परतीच्या फेरीतही तितकेच बांधलेले हवे. संध्याकाळी वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा असतात.

बामणोलीला पोहोचल्यावर लगेच गाडी काढू नये. चालकाने दिवसभर चढउतार केलेली असते. त्याने चहा घेऊन, काहीतरी खाऊन, अर्धा तास बसावे आणि मगच कासचा वळणांचा रस्ता धरावा. रेंज मिळताच घरी सांगून ठेवलेल्या व्यक्तीला फोन करावा. मुक्कामी पोहोचल्यावर अंघोळीपूर्वी गुडघ्यांमागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत आणि कानांमागे गोचिडी शोधाव्यात. सापडलेली गोचीड तेल किंवा चटका देऊन काढू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, जागा साबणाने धुवावी, आणि पुढील दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचे आवर्जून सांगावे.